शरीर नावाची अमानत

फजरची नमाज आटोपून बाहेर पडलो की आमच्या तालुक्याच्या गावी मैदानावर दहा-वीस मुले धावताना दिसतात. बुलडाणा असो, मेहकर असो, चिखली की मलकापूर, हे दृश्य सगळीकडे सारखेच. भरतीची जाहिरात निघो वा न निघो, मुले धावत असतात. त्यांत आमच्या उर्दू शाळांतून शिकून गेलेली मुलेही असतात आणि अलीकडे चार-दोन मुलीही दिसू लागल्या आहेत. त्यांना पाहून छाती भरून येते. आमच्या पिढीने पानटपरीवर जी पहाट वाया घालवली, ती ही पोरे घाम गाळून सत्कारणी लावत आहेत.

अशाच मुलांपैकी एक मागच्या ईदला आमच्या घरी आला. आमचा जुना विद्यार्थी. चार-पाच महिन्यांपूर्वी पाहिला तेव्हा काटकुळा होता. आता सदऱ्याच्या बाह्या दंडांवर मावत नव्हत्या. आम्ही कौतुकाने म्हणालो, "माशाअल्लाह बेटा, क्या सेहत बनाई है!" शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन तो हसला. मग घरातली मंडळी आत गेल्यावर हळूच म्हणाला, "सर, कोर्स चालू है." कोर्स म्हणजे अभ्यासाचा नव्हे, इंजेक्शनांचा. व्यायामशाळेतल्या कुणा जाणत्याने सुचवलेला. जिल्हा पातळीवरची शरीरसौष्ठव स्पर्धा त्याला खेळायची होती. बक्षीस ते किती? एक ढाल आणि काही हजार रुपये.

आम्ही रागावलो. त्यावर त्याने शांतपणे विचारले, "इसमें गुनाह क्या है सर? जिस्म मेरा, पैसा मेरा. किसी की नौकरी तो नहीं छीन रहा. शौक का खेल है."

आम्ही एका शब्दात उत्तर दिले, "हराम है." तो काही बोलला नाही. वाटी ठेवली, सलाम केला आणि गेला. मागाहून आम्हालाच आमच्या उत्तराची लाज वाटली. उत्तर चुकीचे होते म्हणून नव्हे. त्याने प्रश्न विचारला होता आणि आम्ही फक्त निकाल ऐकवला होता. बी.एड.ला आम्ही शिकलो की मुलाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही तर दोष मुलाचा नसतो. हा लेख म्हणजे त्या मुलाला देणे लागत असलेले, उशिरा दिलेले उत्तर समजावे.

प्रथम शब्दाचा घोळ मिटवू. 'स्टेरॉइड' म्हटले की आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. दम्याच्या किंवा सांधेदुखीच्या रुग्णाला डॉक्टर जे स्टेरॉइड देतात, ते वेगळे. ते औषध आहे, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे आणि भीतीपोटी मधेच सोडू नये. व्यायामशाळेतले स्टेरॉइड म्हणजे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे कृत्रिम भाऊबंद. त्यांनी स्नायू झपाट्याने वाढतात, थकवा लवकर भरून निघतो. पण बाहेरून आयते संप्रेरक मिळू लागले की शरीर आपला कारखाना बंद करते. पुरुषाचे वृषण आक्रसतात, शुक्रजंतू घटतात, छातीला बायकी उभार येतो. गोळ्यांनी यकृत बिघडते. रक्तातले चांगले कोलेस्टेरॉल खाली आणि वाईट वर जाते, हृदयाचे स्नायू जाड होतात. चिडचिड वाढते आणि कोर्स थांबवला की मन खचते. मुलींचा आवाज घोगरा होतो, चेहऱ्यावर केस येतात आणि आवाज पुन्हा पूर्ववत होईलच असे नाही.

वाढीच्या वयातल्या मुलांची तर आणखी एक हानी होते. हाडांच्या टोकांची वाढीची जागा वेळेआधी मिटते आणि उंची तिथेच थांबते. महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलासाठी किमान 165 सेंटिमीटर उंची लागते. म्हणजे ज्या नोकरीसाठी पोराने सोळाव्या वर्षी सुई टोचून घेतली, तिच्या दारात तो त्या सुईमुळेच दोन बोटे कमी पडू शकतो.

आता त्याच्या प्रश्नाकडे वळू. त्याचा पहिला मुद्दा असा की खेळ हौसेचा आहे, मग कोणाचे काय बिघडते? वरकरणी हे खरे वाटते. सेऊलच्या ऑलिंपिकमध्ये 1988 साली कॅनडाचा बेन जॉन्सन 9.79 सेकंदांत शंभर मीटर धावला, त्याच्या लघवीत स्टॅनोझोलॉल सापडले आणि सुवर्णपदक काढून घेतले गेले. तिथे देशाची इज्जत आणि लाखोंचे करार पणाला लागलेले होते. आमच्या तालुक्याच्या स्पर्धेत काय आहे? पण थोडा विचार केला तर प्रश्न उलटा फिरतो. ज्याला करोडो मिळणार, त्याने जीव धोक्यात घातला तर तो निदान सौदा तरी म्हणता येईल, वाईट का असेना. ढाल आणि टाळ्यांसाठी यकृत गहाण ठेवणे याला सौदा तरी कसे म्हणावे? हौस या शब्दातच आनंद आहे. ज्या हौसेसाठी लपून सुई टोचावी लागते, ती हौस उरतच नाही, ती गुलामी होते.

शिवाय मोठ्या खेळाडूपाशी डॉक्टर असतो, रक्ताच्या तपासण्या असतात. आमच्या पोरापाशी व्यायामशाळेतला 'भाई' असतो, त्याने दिलेली बाटली असते, आणि तिच्यावरच्या चिठ्ठीत जे लिहिले तेच आत आहे याची हमी कोणी देत नाही. हे बाजारातले इतर माल पाहूनही कळते. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब खाली गेलेल्या रुग्णासाठी असलेले मेफेंटरमाइन हे इंजेक्शन व्यायामशाळेतल्या तरुणांना विकल्याबद्दल पुण्यासह काही शहरांत पोलिसांनी कारवाया केल्या आहेत. ते तर स्टेरॉइडही नव्हे. ऑपरेशन थिएटरमधले औषध मुले ताकदीचे म्हणून टोचून घेत होती. म्हणजे धोका मोजायचा झाला तर हौशी खेळाडूचाच मोठा, आणि लाभ मोजायचा झाला तर त्याचाच लहान.

त्याचा दुसरा मुद्दा अधिक अवघड आहे. तो मुलगा तेव्हा बोलला नाही, पण इतर मुले आमच्याशी बोलली आहेत. ती म्हणतात, सर, खेळात बरोबरी असतेच कुठे? बड्या घरचा मुलगा बदाम, अंडी, प्रोटीनचा डबा घेतो, महागडे बूट घालतो, शहरात प्रशिक्षण घेतो. आम्ही भाकरीवर धावतो. मग आम्ही एक इंजेक्शन घेतले तर बरोबरीच झाली की!

हा युक्तिवाद आम्ही उडवून लावणार नाही, कारण त्यात गरिबाची खरी कळ आहे. विषमता आहेच. पण दोन गोष्टी पाहाव्यात. एक, बदाम आणि सुई यांत फरक आहे. बदाम चारचौघांत खाता येतात. सुई संडासात टोचावी लागते. जे उघड सांगता येत नाही त्यात खोट आहे, ही कसोटी अनाडी माणसालाही कळते. दुसरी गोष्ट अशी की सुईने गरिबाची बरोबरी होत नाही, कारण सुईदेखील पैशालाच मिळते. श्रीमंताचा मुलगा चांगल्या प्रतीची, जास्त आणि तपासणीसह घेईल. गरीब नकली बाटली घेईल. विषमता तशीच राहील, वर दोघांचेही हृदय धोक्यात जाईल.

मुशायऱ्यात पुढच्या रांगेतला एक माणूस नीट दिसावे म्हणून उभा राहतो. मग त्याच्या मागचा उभा राहतो, मग त्याच्या मागचा. शेवटी सगळा मंडप उभा असतो, कुणालाच पूर्वीपेक्षा जास्त दिसत नाही, आणि पाय मात्र सगळ्यांचे दुखतात. खेळातल्या स्टेरॉइडचे नेमके असेच आहे. पहिल्याने घेतले की दुसऱ्याला घ्यावेसे वाटते. "माझे शरीर, माझी मर्जी" म्हणणारा हे विसरतो की त्याच्या मर्जीने शेजारच्या पोराची मर्जी हिरावली जाते. प्रामाणिकपणे खेळू इच्छिणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात: हरावे किंवा विष घ्यावे. हे कोणाचे नुकसान नव्हे, असे कसे म्हणता येईल?

हा कल्पनेचा खेळ नव्हे. सप्टेंबर 2023 मध्ये दिल्ली राज्याच्या ॲथलेटिक्स स्पर्धेत उत्तेजक तपासणीचे पथक आल्याची बातमी पसरली, तेव्हा पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम फेरीत एकच धावपटू उभा राहिला. बाकीचे अचानक 'जखमी' झाले किंवा आलेच नाहीत. स्टेडियमच्या स्वच्छतागृहात वापरलेल्या सुया पडलेल्या दिसल्या. ही ऑलिंपिकची नव्हे, एका राज्याची स्पर्धा होती. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या 2022 च्या आकडेवारीत भारताच्या 3,865 नमुन्यांपैकी 125 दोषी निघाले, म्हणजे शेकडा 3.2. दोन हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त होते. आपल्याकडे 2005 साली राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था स्थापन झाली, 2022 साली कायदाही झाला. तथापि मेहकर-मलकापूरच्या मैदानावर ते पथक येत नाही. इथे तपासणी करणारा एकच, आपला जमीर.

महाराष्ट्राला नरसिंग यादव प्रकरण आठवत असेल. मुंबईत घडलेला हा मल्ल 2011, 2012 आणि 2013 असा सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाला. 2015 च्या जागतिक स्पर्धेत त्याने कांस्यपदक आणि रिओ ऑलिंपिकची जागा मिळवली. 2016 च्या उन्हाळ्यात त्याच्या नमुन्यात मेथँडिएनोन हे स्टेरॉइड सापडले. माझ्या खाण्यात कुणीतरी मिसळले, असे त्याचे म्हणणे होते. राष्ट्रीय संस्थेच्या समितीने ते मान्य करून त्याला सोडले, पण जागतिक संस्थेने अपील केले आणि 18 ऑगस्ट 2016 रोजी, कुस्तीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. त्याची नियत काय होती याचा फैसला आम्ही करणार नाही. आम्हाला दिसते ते एवढेच की वकील, समिती, लवाद असे सारे पाठीशी असूनही एका मल्लाची उमेदीची चार वर्षे गेली. आमच्या पोरांच्या पाठीशी तर आईच्या दुआशिवाय काही नाही.

याच महाराष्ट्राने दुसरे चित्रही पाहिले आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बोरामणीच्या शेख घराण्यातले तीन भाऊ महाराष्ट्र केसरी झाले: इस्माईल 1980 साली, आप्पालाल 1992 साली आणि मुन्नालाल 2002 साली. आमच्या जिल्ह्याकडेच पाहायचे तर बुलडाण्याचा तिरंदाज प्रथमेश जवकार 2023 साली शांघायच्या विश्वचषकात सुवर्णपदक जिंकून आला आणि त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघाच्या सुवर्णाचा वाटेकरी झाला. बुलडाण्यासारख्या मागास म्हटल्या जाणाऱ्या जिल्ह्यातून जगाच्या टोकापर्यंत वाट जाते, हे पोरांना सांगण्यासारखे आहे.

आता तिसरा मुद्दा. समजा स्पर्धाच नाही, कुणाला फसवायचे नाही. केवळ आरशात दंड पाहावे म्हणून एखादा प्रौढ माणूस सुई घेतो. मग तर गुन्हा नाही ना? इथे फसवणुकीचा मुद्दा गळून पडतो, हे आम्ही कबूल करतो. पण आपल्या विचारपरंपरेत आणखी एक शब्द आहे, अमानत. शरीर आपले आहे, पण मालकीचे नव्हे, सांभाळायला दिलेले. शेजाऱ्याने हजला जाताना ठेवायला दिलेली पेटी आपण मोडून विकत नाही. स्वतःला इजा करू नये आणि दुसऱ्यालाही करू नये, हे फिकहचे जुने तत्त्व त्यातूनच आले आहे. आजारात डॉक्टरने दिलेले औषध, मग ते स्टेरॉइड का असेना, ही अमानतीची राखण आहे. निरोगी शरीरात तेच ओतणे ही अमानतीतली खयानत आहे.

कोणी म्हणेल, अमानत वगैरे श्रद्धेची गोष्ट झाली. ठीक आहे, श्रद्धा बाजूला ठेवू. तरी त्या शरीरावर इतरांचा हक्क उरतोच. ज्या आईने विड्या वळून किंवा कापूस वेचून ते वाढवले तिचा, उद्या घरात येणाऱ्या पत्नीचा आणि कदाचित कधीच जन्माला न येणाऱ्या मुलांचा. आपल्या समाजात मूल होत नसले की पहिली बोटे सुनेकडे वळतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. नवऱ्याने विशीत घेतलेल्या सुईची शिक्षा एखाद्या निष्पाप मुलीने टोमण्यांत भोगावी, यापरता मोठा अन्याय कोणता?

कोणी असेही विचारील की कुस्तीत कान मोडतात, धावताना गुडघे झिजतात, मग खेळच हराम म्हणायचा का? नाही. खेळातली दुखापत खेळाच्या अंगाने येते. ती दोघांना माहीत असते, दोघांनी पत्करलेली असते, आणि ती टाळण्यासाठीच उस्ताद शिकवत असतो. स्टेरॉइडची हानी खेळातून येत नाही, लबाडीतून येते.

खेळाला आपल्याकडे कमी लेखलेले नाही. हजरत मुहंमद पैगंबर (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावल्याचे हदीसमध्ये येते. एकदा त्या पुढे गेल्या, नंतरच्या वेळी पैगंबर साहेब पुढे गेले. हौशी खेळाचा याहून सुंदर दाखला आम्हाला ठाऊक नाही. जिंकण्यात आनंद, हरण्यात कमीपणा नाही आणि दोघांचे पाय आपापले. दुसरी गोष्ट बाजारातली. धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला तर आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग भिजलेले वर का ठेवले नाही, हा त्यांचा सवाल होता. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला हे वेगळे समजवायला नको. खामगावच्या बाजारात सोयाबीन घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला ओलावा मोजणारे यंत्र काय करते हे माहीत आहे. वरून कोरडे आणि आतून ओले, असे पोते कुणी घेत नाही. मग वरून पहिलवान आणि आतून पोखरलेले शरीर आपण का मिरवावे?

पण इथे थांबून दोष फक्त पोरांच्या माथी मारणे बरोबर नाही. पोलीस भरतीचे मैदान पाहा. मुलांना सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक मिळून पन्नास गुण. सोळाशे मीटर पाच मिनिटे दहा सेकंदांत पूर्ण केले तर पैकीच्या पैकी वीस. एकेका सेकंदावर घराचे नशीब टांगलेले. 2023 च्या भरतीच्या वेळी उमेदवारांजवळ सुया-औषधे सापडल्याच्या बातम्या वाचल्या तेव्हा संताप आला, पण पोरांची कीवही आली. ते हौशी नव्हते, गरजू होते. तरी गरज गुन्ह्याला कारण देते, परवाना देत नाही. उद्या खाकी घालून जो लबाडी पकडणार, त्याने पहिले पाऊलच लबाडीने टाकले तर त्या रोटीत बरकत कुठून येणार?

आणि आमचे काय? त्या ईदच्या दिवशी "क्या सेहत बनाई है" असे आधी कोण म्हणाले? आम्हीच. चार महिन्यांत माणूस असा फुगत नाही, हे विज्ञान शिकवणाऱ्याला कळायला हवे होते. पाठीवरचे फोड, चढलेला आवाज दिसत होता. आम्ही डोळ्यांनी दंड पाहिले, फोड पाहिले नाहीत. परीक्षेत कॉपी करून आलेले गुण पाहून पेढे वाटणारा बाप आणि आम्ही यांत फरक काय? पूर्व जर्मनीत खेळाडू मुलींना जीवनसत्त्वे म्हणून निळ्या गोळ्या दिल्या गेल्या. सन 2000 मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने दोषी ठरवले ते त्या मुलींना नव्हे, तर क्रीडाप्रमुखाला आणि डॉक्टरला. मोठ्यांची जबाबदारी मोठीच असते. शिक्षक, व्यायामशाळेचे मालक, चिठ्ठीशिवाय औषध देणारे दुकानदार, बक्षिसे वाटणारे पुढारी, आणि आपला मुलगा एकाएकी का फुगला हे न विचारणारे आईबाप, हे सारे त्या सुईचे भागीदार आहेत.

काही दिवसांनी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. या वेळी निकाल नव्हता, वर लिहिले तेच सारे त्याच्यापुढे मांडले. मुशायऱ्याचा दाखला ऐकून तो हसला, उंचीची आणि मुलाबाळांची गोष्ट ऐकून गप्प झाला. शेवटी म्हणाला, "सर, बंद केल्यावर हे सगळे उतरेल ना? लोक हसतील." आम्ही म्हणालो, "बेटा, उतरेल. पण डॉक्टरला दाखवून बंद कर. जेवढे तुझे आहे तेवढे राहील, आणि हसणाऱ्यांत आम्ही नसू." त्याच्याबरोबर दवाखान्यात जायचे कबूल करून आम्ही उठलो.

त्याने पुढे काय ठरवले, ते त्याच्यावर आहे. आम्ही मात्र एक ठरवले आहे. यापुढे मैदानावरून जाताना कोणाचे दंड किती वाढले ते पाहणार नाही. शेवटच्या फेरीत सगळ्यांच्या मागे राहूनही जो पोरगा थांबत नाही, त्याला आधी शाबासकी देऊ. त्याचा घाम तरी त्याचा स्वतःचा आहे.